मोटारगाडीच्या चालकशक्तीची निवड

मोटारगाडी पेट्रोलच्या अंतर्ज्वलन-एंजिनावर चालावी, संचायक विद्युत् घटमालेवर चालावी की या दोहोंच्या संकरावर, हा प्रश्न मोटारगाडीइतकाच जुना आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो कायमचा सुटला असे मानले गेले. एकविसाव्या शतकात तो ग्राहकापुढे पुन्हा उभा राहिला. दोन्ही वेळी निर्णय यंत्राच्या गुणावगुणांपेक्षा वाटेत काय मिळते, यावर अधिक अवलंबून राहिला. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मुरुडसारख्या किनारी गावाकडून पाहिले असता ही गोष्ट विशेष स्पष्ट होते. (रायगड जिल्ह्यातील जंजिऱ्याजवळचे मुरुड निराळे.)

कार्ल बेंट्स याने पेट्रोलवर चालणाऱ्या तीनचाकी गाडीचे एकस्व १८८६ मध्ये मिळविले. त्यापूर्वीच, १८८१ मध्ये, ग्यूस्ताव्ह त्रूव्हे याने पॅरिसमध्ये विजेवर चालणारी तीनचाकी रस्त्यावर आणली होती. तिला आधार होता गास्ताँ प्लांते याने १८५९ मध्ये शोधलेल्या शिसे-अम्ल संचायक घटाचा. बेंट्सची पत्नी बेर्टा ही १८८८ मध्ये पतीस न सांगता गाडी घेऊन मॅनहाइमहून फोर्ट्सहाइमला गेली. सु. १०० किमी.च्या त्या प्रवासात इंधन संपले, तेव्हा तिने ते व्हीसलोख येथील औषधाच्या दुकानातून विकत घेतले. पेट्रोलगाडीच्या भावी विजयाचे बीज या साध्या घटनेत आहे. इंधन बाटलीत भरून कोठल्याही दुकानात ठेवता येत होते. वीज तशी ठेवता येत नव्हती.

तरीही १९०० मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या सु. ४,२०० मोटारगाड्यांपैकी वाफेच्या व विजेच्या गाड्या प्रत्येकी दीड हजारांहून अधिक, तर पेट्रोलच्या गाड्या एक हजारांहून कमी होत्या. ताशी १०० किमी. हा वेग ओलांडणारी पहिली गाडीही विजेचीच होती (कामीय जेनात्सी, १८९९). विजेची गाडी आवाज करीत नसे, धूर सोडत नसे आणि सुरू करण्यासाठी हाताने दांडा फिरवावा लागत नसे. हेन्‍री फोर्ड याने स्वस्त पेट्रोलगाडी घरोघर पोहोचविली, पण त्याची पत्नी क्लॅरा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक या विजेच्या गाडीतून फिरत असे. संकरित गाडीची कल्पनाही याच काळातली: फेर्डिनांट पोर्श याने १९०० च्या सुमारास पेट्रोल-एंजिनाने जनित्र फिरवून चाकांतील चलित्रांना वीज पुरविणारी गाडी बनविली.

पारडे फिरले ते तीन कारणांनी. टेक्ससमध्ये १९०१ साली विपुल खनिज तेल सापडले. १९०८ पासून फोर्डची टी नमुन्याची गाडी वर्षागणिक स्वस्त होत गेली. आणि १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग याच्या विद्युत् आरंभकाने दांडा फिरविण्याचा त्रास संपविला. विजेच्या गाडीचा मोठा गुण विजेच्याच एका लहान चलित्राने हिरावून घेतला, हा एक विरोधाभासच म्हणावा लागेल.

या सर्वांच्या मुळाशी वजनाचे एक गणित होते. एक लिटर पेट्रोलचे वजन सु. पाऊण किग्रॅ. असते व त्यात सु. ९ किलोवॉट-तास, म्हणजे व्यवहारातील ९ युनिट, ऊर्जा असते. एंजिन त्यातील जेमतेम चतुर्थांश चाकांपर्यंत पोहोचविते, तर विद्युत् चलित्र मिळालेल्या ऊर्जेचा चार-पंचमांशाहून अधिक भाग पोहोचविते. एवढी सवलत धरूनही, शिसे-अम्ल घटमालेत दर किग्रॅ.मागे ३० ते ४० वॉट-तासच मावत असल्याने, ४० लिटरच्या टाकीची बरोबरी करण्यास सु. तीन टन घटमाला लागेल. एवढे ओझे वाहणारी गाडी घाट चढणे शक्य नव्हते. [⟶ विद्युत् घटमाला].

कोकणात हा प्रश्न बराच काळ उद्‌भवलाच नाही. मुरुड येथे बालपण गेलेले महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) हे १८७५ साली परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्यास पायी गेले होते, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. मुंबईशी दळणवळण जवळच्या हर्णै बंदरातून आगबोटीने चाले. मुंबईत १८९८ च्या सुमारास मोटारगाड्या आल्या, १९०७ मध्ये विजेची ट्रॅम धावू लागली आणि १९२५ मध्ये विजेची आगगाडीही. म्हणजे वीज महाराष्ट्रात रुळांवर लवकर आली. रस्त्यावर आले ते पेट्रोल व डीझेल. पेट्रोलचा डबा होडीतून किनाऱ्यावर उतरविता येण्याजोगा होता. विजेला तारा, खांब व उपकेंद्रे लागत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा मोटारींना भट्टी बसवून लोणारी कोळशाच्या वायूवर त्या चालविल्या गेल्या. पर्यायी इंधनाचा हा देशातील पहिला व्यापक प्रयोग म्हणता येईल. तो आवडीने नव्हे, निरुपायाने झाला आणि पेट्रोल मिळू लागताच संपला.

रत्नागिरी जिल्ह्यातच, पोफळी येथे, कोयनेची जलविद्युत् १९६२ पासून निर्माण होऊ लागली. ती मुख्यतः मुंबई-पुण्याच्या कारखान्यांकडे गेली. दाभोळच्या खाडीपलीकडे अंजनवेल येथे १९९९ मध्ये सुरू झालेला वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला. पुढील काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन सोसले. बंगलोर येथे तयार झालेली ‘रेवा’ ही विजेची छोटी गाडी याच काळात (२००१) बाजारात आली. एका भारणात ती सु. ८० किमी. धावे, म्हणजे मुरुडहून खेडच्या रेल्वे स्थानकापर्यंत जाऊन परत येणे हीच जवळजवळ तिची सीमा. वाटेतील चढ आणि रात्री घरी वीज असेल याची अनिश्चिती लक्षात घेता, दापोली तालुक्यातील गिऱ्हाइकाने ती घेतली नसती, तर त्यास दोष देता येत नाही. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने भारत फोर्जच्या सहकार्याने २०१० मध्ये जाहीर केलेली ‘रेव्होलो’ ही योजना अधिक व्यवहारी होती. चालू पेट्रोलगाडीस चलित्र व घटमाला जोडून तिचे संकरित गाडीत रूपांतर करावे, असा तिचा विचार होता. ती बाजारात रुजली नाही, ही खेदाची गोष्ट होय.

परिस्थिती बदलली ती लिथियम-आयन घटामुळे. व्हिटिंगहॅम, गुडइनफ व योशिनो यांच्या संशोधनावर उभा असलेला हा घट १९९१ मध्ये सोनी कंपनीने विक्रीस आणला. तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची साठवणक्षमता शिसे-अम्ल घटाच्या चौपटीहून अधिक आहे. पुण्याजवळील रांजणगाव येथे तयार होणारी टाटा नेक्सॉन ही विजेची गाडी जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. तिची घटमाला ३०·२ युनिटांची व प्रमाणित पल्ला ३१२ किमी. होता. प्रमाणित पल्ला ठराविक चाचणीत काढलेला असल्याने प्रत्यक्ष रस्त्यावर तो बराच कमी भरतो. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली होती. विजेवरील पहिली ‘शिवाई’ही १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर सोडण्यात आली.

संकरित गाडीचे आधुनिक युग टोयोटाच्या ‘प्रियस’पासून (१९९७) सुरू होते. तीत एंजिन व चलित्र आलटूनपालटून किंवा एकत्र काम करतात व गती कमी करताना वाया जाणारी ऊर्जा घटमालेत परत साठविली जाते. शहरातील थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत हिचा लाभ सर्वांत अधिक. मोकळ्या महामार्गावर तो कमी होतो. घाटात तर एक वेगळीच अडचण येते. पुण्याहून मुरुडला ताम्हिणी घाटाने माणगावकडे उतरताना गाडी सु. ६०० मी. खाली येते. दीड टनाच्या गाडीच्या बाबतीत ही सु. अडीच युनिट ऊर्जा होय. बाहेरून भारित न करावयाच्या संकरित गाडीची घटमाला बहुधा एका युनिटाच्या आसपास किंवा त्याहून लहान असते. ती घाटाच्या मध्यावरच भरते आणि उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेच्या गाडीत ती बव्हंशी परत घेता येते, मात्र पुण्यात पूर्ण भारित करून निघालेल्या गाडीस आरंभी हा लाभ मर्यादितच मिळतो. परतीच्या चढावर याच ऊर्जेची किंमत मोजावी लागते, आणि तेव्हा घटमालेतील दहावा हिस्सा एकट्या घाटाने खाल्लेला असतो.

शासनाची भूमिका या बाबतीत स्थिर राहिलेली नाही. केंद्राच्या २०१५ च्या योजनेत संकरित गाड्यांनाही अनुदान होते. सौम्य संकरित गाड्या त्यातून २०१७ मध्ये वगळल्या गेल्या आणि त्याच वर्षी वस्तू व सेवा कराच्या रचनेत संकरित गाड्यांवर अधिभारासह ४३ टक्के कर बसला. विजेच्या गाड्यांवरील कर मात्र ऑगस्ट २०१९ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल व संकरित गाड्यांवर १८, मोठ्यांवर ४० आणि विजेच्या गाड्यांवर पूर्ववत ५ टक्के, अशी विभागणी झाली. संकरित गाडी एकदा पर्यावरणस्नेही व एकदा चैनीची वस्तू ठरल्याने ग्राहक संभ्रमात पडला, यात नवल नाही.

मुरुड येथील कुटुंबाचा हिशेब यातूनच मांडावा लागतो. गाडीचा नित्याचा उपयोग सु. दहा-बारा किमी.वरील दापोलीचा बाजार, हर्णै येथील मासळी, खेडचे स्थानक एवढ्यापुरता असतो. या अंतरांस विजेची गाडी पुरून उरते आणि अंगणात साध्या १५ अँपिअरच्या जोडणीवर रात्रभरात भारित होते. पेट्रोलगाडी लिटरमागे १५ किमी. व विजेची गाडी युनिटमागे साडेसहा किमी. जाते, पेट्रोल लिटरमागे १०५ रुपये व वीज युनिटमागे १० रुपये असे धरल्यास, दर किमी.मागे सु. साडेपाच रुपये वाचतात. वर्षाला ८,००० किमी. फिरणाऱ्यास हे सु. ४४,००० रुपये होतात. किंमतीतील दोन-तीन लाखांचा फरक भरून येण्यास सु. पाच ते सात वर्षे लागतात. वर्षाला दोन-तीन हजार किमी.च फिरणाऱ्यास तो भरून येतच नाही. त्याने लहान पेट्रोलगाडी घेणे हेच शहाणपणाचे.

मुंबईस राहणाऱ्या आणि गणपती-शिमग्यास गावी येणाऱ्या चाकरमान्याचा हिशेब उलटा आहे. त्याला सु. २३० ते २४० किमी. अंतर एका दमात कापावयाचे असते, आणि तेही सर्वजण एकाच रात्री निघालेले असताना. वाटेतील भारण केंद्रावर पुढे चार गाड्या उभ्या असतील, तर प्रत्येकीच्या तासाभराने अर्धी रात्र जाते. २०११ पासून रेंगाळलेल्या मुंबई–गोवा महामार्गावरील कोंडीत विजेची गाडी पेट्रोलगाडीहून काटकसरी असते, परंतु तेवढ्याने रांग सरत नाही. संकरित गाडीची बाजू येथे भक्कम आहे.

‘निसर्ग’ चक्रीवादळाने ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याबरोबर दापोली व मंडणगड तालुक्यांची मोठी हानी केली. नारळ-सुपारीच्या बागा भुईसपाट झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी पेट्रोल-पंपही वीज किंवा जनित्र असल्याशिवाय चालत नाही, हे खरे. परंतु टाकीत असलेले वा डब्यातून आणलेले पेट्रोल उपयोगी पडते. रुग्णास रात्री दापोलीस न्यावयाचे असेल, तर घरात कोणती गाडी आहे याला तेव्हा अर्थ येतो. छपरावरील सौर पट्ट हा यावर सुचविला जाणारा उपाय होय. तीन किलोवॉटचा संच उन्हाळ्यात दिवसाला सु. बारा युनिट, म्हणजे ७० ते ८० किमी. जाण्यापुरती वीज देतो. तथापि नेहमीच्या पद्धतीचा संच जाळ्यातील पुरवठा खंडित होताच सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडतो; तो चालू ठेवण्यास स्वतंत्र घटमाला लागते. शिवाय कोकणात वारा-पावसाने तारा तुटतात त्या बहुधा जून ते सप्टेंबर या महिन्यांत, आणि छपरावर ऊन सर्वांत कमी असते तेही याच महिन्यांत.