मागें फिरणारें पाणी

आज अहिल्यानगर ह्या नांवानें ओळखलें जाणारें नगर शहर मलिक अहमद निजामशहानें पंधराव्या शतकाच्या अखेरीस सीना नदीच्या तीरावर वसविलें, तेव्हां राजधानीला शोभेल असें बहुतेक सर्व त्याच्यापाशीं होतें. उणीव होती ती बारमाही पाण्याची. सीना ही उन्हाळ्यांत आटणारी नदी. म्हणून कापूरवाडी, वडगांव, शहापूर, भिंगार अशा भोंवतालच्या गांवांकडून भुयारी नळांनीं शहरांत पाणी आणण्याचा उद्योग निजामशाहींत झाला. भाजलेल्या मातीचे खापरी नळ एकांत एक गुंतवावयाचे, ते चुन्यांत पक्के बसवावयाचे आणि केवळ उताराच्या बळावर पाणी शहरापर्यंत चालवीत न्यावयाचें, अशी ही रीत. फराहबागेचा जो महाल १५८३ त पुरा झाला, तो तर तलावाच्या मध्यभागींच उभा केलेला. कोरड्या मुलखांत पाण्याचा असा विलास करणारे कारागीर आपल्या धंद्यांत किती निष्णात असतील, हें निराळें सांगावयास नको.

पुढें ह्याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर ह्यानें खडकी येथें, म्हणजे मागाहून औरंगाबाद म्हणून प्रसिद्ध झालेल्या शहरीं, नहर आणली. आणि १७४९ त नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावावरून पुण्यास पाणी आणण्याचें काम सुरू केलें. ह्या कामांत वाटेवर जागोजाग उंच धारीं बांधलेलीं असत. पुण्यास त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणत. नळांत कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडे, गाळ खालीं बसे आणि उतरून नळ साफ करावयासही वाट मिळे. परंतु त्यांचा आणखी एक गुण होता व तो सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. नळ ठिकठिकाणीं उघड्या हवेशीं जोडलेला असल्यामुळें त्यांत ओढ निर्माण होऊंच शकत नसे. जें पाणी एकदां उतरून हौदांत आलें, तें पुन्हा मागें नळांत शोषलें जाण्याची भीति उरत नसे. खापरी नळाच्या सांध्यांतून बाहेरची घाण झिरपूं शके, हा दोष होता खरा. पण हौदांत कोणीं हात धुतले म्हणून वरच्या अंगाचें पाणी नासलें, असें होत नसे.

लोखंडी नळ आला आणि हें चित्र पालटलें. आतां पाणी उतारावर सावकाश वाहत येईना. तें दाबाखालीं, बंद नळांतून, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढूं लागलें. ही सोय मोठीच होय. मात्र दाब म्हणजे एक तऱ्हेची झुंज असते. रस्त्यांतील मुख्य नळाचा दाब घरांतील पाण्यापेक्षां अधिक असेल तोंवर पाणी घरांत येईल. तो दाब कांहीं कारणानें नाहींसा झाला, कीं घरांतील पाणी रस्त्याकडे ओढलें जाईल. बादलींतील पाण्यांत बुडालेली रबरी नळी प्रत्येक घरांत दिसते. पाणी चालू असतां ती निरुपद्रवी असते. परंतु तेवढ्यांत खालच्या गल्लींत नळ फुटला, तर तीच नळी बादलींतील साबण आणि मळ गिळून शेजाऱ्याच्या घागरींत नेऊन ओतण्यास समर्थ असते. मोरींतील नळी, फवारणीच्या औषधाची टांकी, रुग्णालयांतील यंत्रें, कारखान्यांतील बाष्पपात्रें, ह्या सर्वांची गोष्ट तीच.

हा धोका जगाच्या नजरेस आला तो १९३३ सालीं शिकागो शहरीं. तेथें भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठीं देशोदेशींचे प्रवासी आले होते. दोन नामांकित हॉटेलांतील सदोष नळकामामुळें सांडपाणी पिण्याच्या पाण्यांत मिसळलें आणि आमांशाची सांथ उसळली. चौदाशेंहून अधिक लोक आजारी पडले व अठ्ठ्याण्णव दगावले. ह्या रोगास प्रकट होण्यास दिवस लागतात. त्यामुळें प्रवासी आपापल्या गांवीं परतल्यावर अंथरुणास खिळले, आणि शेंकडों मैलांवरच्या वैद्यांना रोगाचें मूळ उमगण्यास विलंब लागला. १९४४ त कॅलिफोर्नियांतील एका विद्यापीठानें केवळ ह्याच विषयाच्या संशोधनासाठीं स्वतंत्र संस्था काढली.

तरीही १९६९ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतीलच वूस्टर गांवीं एक विलक्षण प्रकार घडला. होलिक्रॉस महाविद्यालयाचे फुटबॉलपटू मैदानावर सराव करीत होते. मैदानाला पाणी देण्यासाठीं जमिनींत नळाचे खड्डे केलेले होते व शेजारच्या घरांतील कांहीं मुलें त्या पाण्यांत खेळत. त्या मुलांना कावीळ होती. अशांत जवळपास कोठें तरी आग लागली, बंबांनीं मुख्य नळांतून भराभर पाणी खेंचलें, दाब खालावला आणि खड्ड्यांतील दूषित पाणी नळांत ओढलें गेलें. तहानलेल्या खेळाडूंनीं तेंच पाणी प्यालें. खेळाडू व शिक्षक मिळून सुमारें नव्वद जणांना कावीळ झाली आणि दोन सामन्यांनंतर त्या संघाला तो हंगामच सोडावा लागला. येथें दोष बंबवाल्यांचा म्हणावा काय? ते तर आपलें कर्तव्यच करीत होते.

आपल्या देशांतही ह्याच्या जवळचें एक उदाहरण आहे. १९५५ च्या अखेरीस दिल्लींत यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगड नाल्याचें सांडपाणी उलट दिशेनें वजिराबाद येथील पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोंचलें. एकोणतीस हजारांहून अधिक लोकांना कावीळ झाली. तेथें नळ नव्हे, नदीच मागें फिरली होती.

ह्या अनुभवांतून अमेरिकेंत एक नवा धंदा जन्मास आला: उलट प्रवाह रोखणाऱ्या साधनांची परीक्षा करणारा प्रमाणित परीक्षक. अशा साधनाच्या एका मुख्य प्रकारांत दोन एकमार्गी झडपा एकामागून एक बसविलेल्या असतात व त्यांच्यामधील कोठडीला बाहेर उघडणारी तिसरी झडप असते. मधल्या कोठडींतील दाब मुख्य नळाहून नेहमीं कमी राहावा, अशी योजना असते. आंतील झडपा निकामी झाल्या तर तिसरी उघडते आणि दूषित पाणी मागें न जातां जमिनीवर सांडतें. सांडणें हेंच तिचें काम. पुष्कळ घरमालक तें पाणी पाहून तिला बिघडलेली समजतात!

ह्या धंद्याचें शिक्षण बहुधा चाळीस तासांचें असतें. नंतर लेखी परीक्षा, आणि त्याहून कठीण अशी हाताची परीक्षा. उमेदवारानें दाबमापकाच्या नळ्या साधनाच्या लहान तोट्यांना योग्य क्रमानें जोडावयाच्या, पुढचा मार्ग बंद करावयाचा आणि सुई थेंबाथेंबानें उतरूं द्यावयाची. तिसरी झडप पाझरूं लागतांच आंकडा टिपावयाचा. दर चौरस इंचास दोन पौंड किंवा त्याहून अधिक फरकावर ती उघडली तर साधन उत्तीर्ण, त्याखालीं उघडली तर अनुत्तीर्ण. घाईनें तोटी फिरविली कीं आंकडा चुकतो. म्हणून ह्या परीक्षेंत बळापेक्षां धीराची पारख होते. दाबमापकाचीही नियमानें तपासणी करून घ्यावी लागते आणि कांहीं वर्षांनीं पुन्हा परीक्षा देऊन प्रमाणपत्र नवें करावें लागतें. परीक्षेच्या वेळीं पाणी बंद करावें लागत असल्यामुळें हॉटेलवाल्याची नाराजी ओढवतेच. आणि साधन नादुरुस्त ठरलें तर दुरुस्तीचा खर्च ज्याच्या माथीं पडतो, त्यालाच तें तोंडावर सांगावें लागतें. तेव्हां कागदावर सही करणारा मनुष्य मिंधा नसावा, ही ह्या धंद्याची न लिहिलेली पात्रता होय.

आपल्याकडे नळकाम करणाऱ्यास परवाना देण्याची पद्धत जुनी आहे. मुंबईच्या १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यांत तिची तरतूद आहे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेंतही नळकामाचा स्वतंत्र भाग आहे. पण उलट प्रवाहाचा निराळा परीक्षक मात्र आपल्या गांवोगांवीं अद्याप रुळलेला नाहीं. नगरास आतां मुळा धरणाचें पाणी मिळतें. खापरी नळांचे दिवस सरले. महाराष्ट्रांतील पुष्कळ शहरांत पाणी ठराविक वेळींच येतें. तें येतांच कोणी तरी नळाला थेट विजेची मोटार लावतो, स्वतःची टांकी भरून घेतो, आणि त्या ओढीनें शेजारच्या गल्लींतील नळाचा फुटका सांधा गटाराचें पाणी आंत घेऊं लागतो. पाणी बंद होतें तेव्हां नळ रिकामा होतो व पुन्हा तीच संधि येते. त्या मोटारवाल्याच्या घरीं पाणी स्वच्छच येतें. आजारी पडतें तें शेजारचें मूल, आणि त्याच्या दारीं वैद्य आला तरी नळाकडे कोणाची नजर जात नाहीं.