चुना, चुंबक आणि दुसरा बॉयलर

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत राहत असाल तर ही गोष्ट तुम्हाला नवी नाही. गीझर उघडला की कॉइलवर दगडासारखा पांढरा थर, शॉवरची निम्मी भोकं बुजलेली, साबण घासघासून हात दुखले तरी फेस नाही. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी एक ब्रोशर काढतं. पाइपाभोवती तार गुंडाळायची, छोटासा डबा प्लगला लावायचा, झालं काम! मीठ नको, केमिकल नको, मेंटेनन्स नको. नाव इलेक्ट्रॉनिक डीस्केलर. आणि पाठोपाठ दुसरं कोणीतरी सांगतंच, "आमच्या मेव्हण्याकडे लावलाय, मस्त चालतो."

ह्या मेव्हण्याचा मी बरेच दिवस शोध घेत होतो. वीकेंडला जुनंजुनं वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की हा गृहस्थ निदान १८९० सालापासून हिंडतोय :)

आधी थोडं शाळेतलं रसायनशास्त्र. जड पाण्यात (पुस्तकातलं 'दुष्फेन' पाणी) कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट मागे उरतं. ते नेमकं सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवर, जाऊन बसतं. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. समजा तुमचं पाणी ४०० चं आहे आणि घरात रोज ३०० लिटर लागतं. म्हणजे दिवसाला १२० ग्रॅम चुन्याइतका ऐवज तुमच्या नळांतून वाहतो. सगळा काही चिकटत नाही, पण जेवढा चिकटतो तेवढा पुरे होतो.

आता इतिहास. वाफेच्या इंजिनांच्या काळात हा घरगुती वैताग नव्हता, जिवावरचं दुखणं होतं. बॉयलरच्या आत थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, कोळसा जास्त लागतो, खालचा पत्रा नको इतका तापतो आणि एखाद्या दिवशी बॉयलर फुटतो. त्यामुळे लोकांनी काय काय करून पाहिलं! बॉयलरमध्ये बटाटे टाकायचीसुद्धा पद्धत होती. १८४१ साली अॅबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क ह्यांनी काट्याने काटा काढला. जड पाण्यात मोजून चुना घातला, की मूळचा चुनासुद्धा त्याच्याबरोबर गाळ होऊन खाली बसतो. त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. पण क्लार्क ह्यांचं मला जास्त आवडलेलं काम वेगळंच आहे. पाणी किती जड आहे हे साबणाच्या द्रावणाने मोजायची रीत त्यांनी बसवली. आधी मोजमाप, मग उपाय.

विजेची पाळी आली १८९० मध्ये. फॉन्स आणि कॅबेल ह्या दोघांनी बॉयलरमधला थर विजेने रोखण्याचं अमेरिकन पेटंट घेतलं. मग १९४५ मध्ये बेल्जियमच्या व्हेर्मेरेन ह्यांनी चुंबकीय उपकरणाचं पेटंट घेतलं. आजच्या चुंबकवाल्या यंत्रांचं घराणं साधारण इथून सुरू झालं असं मानतात. पुढे सोव्हिएत संघात तर ह्या विषयाला चांगलाच बहर आला. व्ही. आय. क्लासेन ह्यांनी 'चुंबकित' पाण्यावर अख्खी पुस्तकं लिहिली.

इकडे अमेरिकेत मात्र शंकेखोर मंडळी कामाला लागली होती. १९५२ मध्ये एमआयटीच्या एलियासेन आणि उलिग ह्यांनी ह्या यंत्रांच्या दाव्यांची चिरफाड केली. १९५४ मध्ये वेल्डर आणि पार्ट्रिज ह्यांनी असल्या 'गॅजेट्स'चा प्रत्यक्ष कामगिरीवरून हिशोब मांडला, तोही प्रतिकूल. १९८५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या जेम्स अॅलमन ह्यांनी कायम चुंबकाची उपकरणं तपासली, त्यांनाही काही फरक दिसला नाही.

तरी विक्री चालूच! का बरं? फसवेगिरी एवढं एकच उत्तर मला पटत नाही. मेव्हणा खोटं बोलत नाही हो. त्याच्याकडे थर खरंच कमी झालेला असतो. फक्त का कमी झाला ते त्याला माहीत नसतं. डीस्केलर लावताना प्लंबरने गीझरची जुनी कॉइल बदललेली असते. त्या वर्षी टँकरऐवजी धरणाचं पाणी जास्त मिळालेलं असतं. किंवा उन्हाळ्यात गीझरच कमी लागलेला असतो. आमच्या धंद्यात ह्याला "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणतात. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या आणि बग गेला, तर कशामुळे गेला हे छातीठोकपणे कोण सांगणार?

उपाय सोपा, पण खर्चिक. शेजारी दुसरा बॉयलर हवा. तेच पाणी, तेच तापमान, तोच वापर, फक्त यंत्र नाही. जर्मनीत १९९६ साली आलेली डीव्हीजीडब्ल्यू डब्ल्यू ५१२ ही चाचणी नेमकी अशीच आहे. पाणी ८० अंशांना तापवायचं, दिवसाला १३० लिटर, सलग २१ दिवस. एका टाकीला यंत्र, दुसरीला नाही. शेवटी दोन्हीकडचा थर अॅसिडमध्ये विरघळवून मोजायचा. ८० टक्के घट दिसली तरच पास. २००० साली श्टिफ्टुंग वारेनटेस्ट ह्या जर्मन ग्राहकसंस्थेने बाजारातली यंत्रं तपासली, तेव्हा बहुतेक नापास झाली.

सगळ्यात बोलका किस्सा अमेरिकन सरकारचाच. १९९८ मध्ये तिथल्या ऊर्जा खात्याने रसायनाशिवाय थर रोखणाऱ्या ह्या तंत्रांची बाजू घेणारा अहवाल काढला. त्यानंतर लष्कराच्या इंजिनिअरांनी इलिनॉयमधल्या रॉक आयलंड शस्त्रागारात दोन चुंबकीय आणि एक इलेक्ट्रॉनिक यंत्र लावलं, आणि जोडीला एक बिनयंत्राची लाइन. २००१ च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की तिघांपैकी कोणाचाही बिनयंत्राच्या लाइनीपेक्षा स्पष्ट फायदा दिसला नाही. सरकार तेच, विषय तोच. फरक पडला तो त्या चौथ्या लाइनीने.

म्हणजे सगळं थोतांड? इथे जरा थांबायला हवं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले मायकेल कोई हे चुंबकशास्त्रातलं मोठं नाव. २००० मध्ये त्यांनी आणि कॅस ह्यांनी दाखवलं, की चुंबकातून गेलेलं पाणी तापवल्यावर कॅल्साइटच्या मानाने अॅरागोनाइट ह्या रूपाचे स्फटिक जास्त मिळतात. घटक तेच, रचना वेगळी. म्हणजे प्रयोगशाळेत काहीतरी घडतं. पण त्यावरून तुमच्या गीझरची हमी मिळत नाही. १९९६ मध्ये क्रॅनफील्डच्या बेकर आणि जड (हो, आडनाव खरंच जड!) ह्यांनी जुने सगळे निष्कर्ष एकत्र तपासले. परिणाम दिसल्याचे दावे प्रामुख्याने जिथे तेच पाणी पुन्हापुन्हा यंत्रातून फिरतं तिथले होते. घरात पाणी एकदाच जातं, आणि तेही भुर्रकन.

शिवाय एक गोष्ट ब्रोशरमध्ये बारीक अक्षरांतही नसते. हे यंत्र चालो वा न चालो, कॅल्शियम पाण्यातच राहतं. ते १२० ग्रॅम कुठेही जात नाहीत. नळावर थेंब वाळला की डाग पडणारच, साबणाचा फेसही तेवढाच. कॅल्शियम काढायचंच असेल तर मीठ लागणारा आयन एक्स्चेंज सॉफ्टनर हवा. त्यात रेझिन कॅल्शियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. मीठ भरायची कटकट आहे, पण साबण लावला की फरक त्याच दिवशी कळतो.

तेव्हा सोसायटीने चेक फाडण्याआधी विक्रेत्याला एवढंच सांगावं. एकाच फ्लॅटमधल्या दोन बाथरूममध्ये सारखे दोन गीझर घ्या. दोन्ही आतून साफ करा, थर्मोस्टॅट सारखा ठेवा, वापरही होईल तितका सारखा ठेवा, यंत्र एकालाच लावा. सहा महिन्यांनी सोसायटीसमोर दोन्ही उघडून थर खरवडून वजन करू, फरक दिसला तर पैसे. तो तयार झाला तर उत्तमच, आपल्यालाही नवीन काही कळेल. नाही झाला तर थर्मोस्टॅट ५५ च्या आसपास ठेवा, वर्षातून एकदा मेकॅनिककडून गीझर उघडून घ्या, आणि शॉवरचं तोंड रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. मेव्हण्याला रागवू नका. त्याच्याकडे दुसरा गीझर नव्हता, एवढंच.