गढा : भूविज्ञान आणि कमी-कार्बन ऊर्जा

मध्य प्रदेशातील जबलपूर शहरात सामावलेले गढा हे जुने गाव गढा-मंडला या गोंड राज्याची पहिली राजधानी होते. संग्रामशाह आणि राणी दुर्गावती (मृत्यू २४ जून १५६४) यांच्या काळात हे राज्य भरभराटीला आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते मराठ्यांच्या ताब्यात गेले आणि १८१७–१८ नंतर इंग्रजांकडे आले. भूविज्ञानात मात्र गढ्याची ओळख तेथील दगडांमुळे आहे. नर्मदेच्या खोऱ्याचा हा टापू अणुवीज, जलविद्युत, भूगर्भातील उष्णता आणि कार्बनची साठवण या चारही बाबतींत जमिनीचे म्हणणे आधी ऐकायला लावतो.

कोळशाचा वारसा. भूवैज्ञानिक हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये या भागातील गाळाच्या खडकांना गोंड राज्यावरून ‘गोंडवन’ हे नाव दिले. फाइस्टमांटेल यांच्या १८७६ मधील लेखनातून ते छापले गेले आणि पुढे एडुआर्ट झ्यूस यांनी ते दक्षिणेकडील प्राचीन महाखंडाला लावले. भारतातील जवळजवळ सर्व दगडी कोळसा याच गोंडवनी खडकांत, मुख्यतः सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत सापडतो. जबलपूरच्या पूर्वेला उमरियाच्या खाणी १८८० च्या दशकात सुरू झाल्या. देशातील भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची घडी बव्हंशी कोळशाच्या शोधात बसली. कोळसा मागे टाकायचा तर याच नकाशांचा, बोअरच्या नोंदींचा आणि अनुभवी माणसांचा उपयोग नव्या कामाला करून घ्यावा लागेल. हा साठा विसरून नव्याने सुरुवात करणे परवडणारे नाही.

नर्मदा-शोण रेषा. मध्य भारताला आडवी चिरत जाणारी ही विभंगांची पट्टी जबलपूरवरून जाते. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झाल्यावर सागर विद्यापीठात भूविज्ञान विभाग उभा करणाऱ्या डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९६० च्या दशकात या रेषेकडे लक्ष वेधले. नंतर हिरापूर ते मंडला या मार्गावर जमिनीत सुरुंग उडवून निर्माण केलेल्या लहरींच्या साहाय्याने कवचाचा छेद तयार करण्यात आला.

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. चाळिसाच्या आसपास माणसे दगावली, हजारो घरे पडली. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपाचे केंद्र उथळ होते. येथे ते सुमारे ३५ किमी खोल, कवचाच्या तळाजवळ निघाले. किल्लारीनंतर देशात बसवलेल्या नव्या भूकंपमापकांनी हा भूकंप नीट टिपला, म्हणूनच ही खोली कळली. जुना, थंड, स्थिर मानलेला भूभाग इतक्या खोलवर तुटू शकतो हे त्या नोंदींनी दाखवले.

जबलपूरच्या वरच्या अंगाला ६९ मीटर उंचीचे बरगी धरण आणि ९० मेगावॉटचे वीजगृह आहे. त्याच धरणाच्या जलाशयाच्या काठी मंडला जिल्ह्यात चुटका येथे ७०० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या प्रस्तावित असून केंद्र सरकारने २०१७ मध्ये त्यांना मंजुरी दिली. अणुवीज कार्बनच्या हिशेबात स्वच्छ आहे. पण जागेजवळ सक्रिय विभंग आहे का, जमीन किती हादरू शकते, जलाशयाच्या वजनाचा परिणाम काय, ही उत्तरे भूवैज्ञानिकांनी द्यायची असतात, आणि ती जागा ठरण्यापूर्वी, सर्वांना वाचता येतील अशी मिळायला हवीत. बरगीने एकदा उठवलेल्या गोंड कुटुंबांना पुन्हा उठावे लागणार असल्याने तेथे विरोध आहे. त्यांना ‘तज्ज्ञांनी पाहिले आहे’ एवढेच सांगून भागणार नाही.

तोललेली शिळा. गढ्याजवळ मदनमहालाच्या टेकडीवर ग्रॅनाइटची एक मोठी शिळा दुसरीवर अगदी थोड्या जागेवर टेकून उभी आहे. भरड स्फटिकांच्या या खडकाला आडव्या-उभ्या भेगा पडतात, भेगांतून पाणी मुरते, कोपरे झिजून भुगा होतो आणि आतला गोल गाभा मागे राहतो. १९९७ च्या हादऱ्यातही ही शिळा जागची हलली नाही. पर्यटक तिच्याकडे नवल म्हणून पाहतात. भूवैज्ञानिकाला ती हजारो वर्षे चाललेली नोंदवही वाटते. अशी शिळा कोणत्या धक्क्याने कोसळेल हे गणिताने काढता येते आणि ती किती काळ उघडी उभी आहे हे खडकात साचलेल्या बेरिलियम-१० वरून ठरवता येते. मग त्या काळात त्याहून मोठा धक्का बसलेला नाही, असे म्हणता येते. कॅलिफोर्नियात डायाब्लो कॅन्यन अणुवीज केंद्राजवळच्या शिळांवर हे काम झाले आहे. यंत्रांच्या नोंदी शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडे जात नाहीत, त्यामुळे मदनमहालच्या शिळा जपणे हा ऊर्जानियोजनाचाही प्रश्न आहे.

भूगर्भातील उष्णता. नर्मदा-शोण पट्ट्यात गरम पाण्याचे झरे रांगेने आढळतात. पूर्वेला छत्तीसगडमधील तातापानी, सातपुड्यात अनहोनी-समोनी, जळगाव जिल्ह्यात उनपदेव आणि सुनपदेव. तातापानी येथे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने बोअर घेतले असून काहींत शंभर अंश सेल्सिअसहून अधिक तापमान मिळाले. ग्रॅनाइटमधील युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सारामुळेही उष्णता तयार होते. गढ्यासारख्या उघड्या ग्रॅनाइटमधून मात्र ती निघून जाते. वर गाळाच्या खडकांचे जाड पांघरूण असलेल्या ठिकाणीच ती साठते. विजेसाठी खोल बोअर घ्यायचा तर जागा अशा पांघरुणाखाली शोधावी लागते.

कार्बनची साठवण. लमेटा घाटावर हिरवट वालुकाश्म, चुनखडक आणि त्यांवर दख्खनचा काळा बेसाल्ट (डेक्कन ट्रॅप) असा थरांचा क्रम दिसतो. याच लमेटा थरांत १८२८ मध्ये इंग्रज अधिकारी स्लीमन यांना जबलपूरला डायनोसॉरची हाडे सापडली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या या बेसाल्टमधील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कार्बन डायऑक्साइडला खनिजात बांधू शकतात. आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रयोगात पाण्यात विरघळवून सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक दोन वर्षांत खडकात बांधला गेल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. जबलपूर मात्र ट्रॅपच्या कडेला आहे. येथे थर पातळ आणि उघडे असल्याने वायू निसटण्याचा धोका राहतो. कोयनेजवळ रसाटीच्या बोअरमध्ये ९३० मीटरहून जाड बेसाल्ट लागला. तशी जाडी या कामाला योग्य, पण कोयनेत जमीन हलते. शिवाय आइसलँडच्या पद्धतीला एक टन वायूमागे पंचवीस टनांच्या आसपास पाणी लागते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या ट्रॅपच्या गावांत हा हिशेब आधी मांडला पाहिजे.

धातू. कमी-कार्बन ऊर्जेला धातूही लागतात: तारांना तांबे आणि बॅटऱ्यांना मँगनीज. जबलपूरच्या दक्षिणेला बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची आणि भरवेलीची मँगनीजची खाण आहे. मँगनीजचा हाच पट्टा पुढे भंडारा व नागपूर जिल्ह्यांत उतरतो.