पेनिसिलीनच्या कुपीपासून अतिदक्षता विभागापर्यंत

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठ भागातून जाताना रुग्णालयांच्या पाट्या एकामागून एक दिसतात. गडचिरोली-चंद्रपूरपासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे गंभीर रुग्ण या शहरात आणले जातात. कुणी मेडिकल-मेयोत, कुणी खासगी रुग्णालयांत. त्यांच्या नातेवाइकांकडून आपण कधी कधी ऐकतो, ‘ऑपरेशन चांगले झाले होते, पण आयसीयूत इन्फेक्शन झाले आणि कोणतेच औषध लागू पडेना.’ औषध लागू न पडणे म्हणजे नेमके काय? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि त्याची काही महत्त्वाची पाने महाराष्ट्रात लिहिली गेली आहेत.

पुणे, 1944

फेब्रुवारी 1944. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबा अत्यवस्थ होत्या. पेनिसिलीन तेव्हा मुख्यतः युद्धातील जखमी सैनिकांसाठी राखलेले दुर्मिळ औषध होते. पुत्र देवदास यांनी खटपट करून ते कलकत्त्याहून विमानाने मागवले. दर काही तासांनी इंजेक्शने टोचावी लागणार हे कळल्यावर गांधीजींनी देवदासांना परावृत्त केले. 22 फेब्रुवारीला कस्तुरबांचे निधन झाले. पेनिसिलीनने त्या वाचल्या असत्या का, हा वाद येथे नको. एका कुपीसाठी विमान लागावे, इतके हे औषध तेव्हा दुर्लभ होते, एवढे लक्षात घेऊ.

मात्र त्याआधीच, 1940 साली, ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड एब्रहॅम आणि अर्न्स्ट चेन यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले होते. काही जीवाणूंजवळ पेनिसिलीनचा नाश करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. औषध बाजारात येण्यापूर्वीच त्यावरचा तोडगा निसर्गात हजर होता! यात नवल नाही. पेनिसिलीन हे मुळात बुरशीने तयार केलेले रसायन आहे. मातीत सूक्ष्मजीवांची एकमेकांशी झुंज अनादी काळापासून चालू आहे. हल्ल्याबरोबर बचावही घडत आला आहे.

‘सवय’ कुणाला होते?

‘सारखे औषध घेतले की शरीराला त्याची सवय होते’, असे उत्तर वर्गात हमखास मिळते. ते बरोबर नाही. बदल शरीरात नव्हे, जीवाणूंच्या समुदायात होतो. लाखो जीवाणूंमध्ये एखाद्यात प्रतिकार करणारे जनुक असते. औषधाने बाकीचे मरतात आणि त्या एकाला मोकळे रान मिळते. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय हा जीवाणू दर 20 मिनिटांनी दुप्पट होतो. या वेगाने एकाचे आठ तासांत दीड कोटीहून अधिक होतील. हा हिशेब मुलांकडून फळ्यावर जरूर करून घ्यावा. शिवाय प्लास्मिड नावाच्या छोट्या डीएनए-वलयावरून हे जनुक एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जीवाणूकडेही जाते.

पिंपरी आणि त्यानंतर

स्वतंत्र भारताने 1954 साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन केला. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांचे साहाय्य त्याला मिळाले आणि 1955 पासून पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. विमानाने आणावे लागणारे औषध आता आपल्याच मातीवर तयार होऊ लागले. त्याने असंख्य प्राण वाचवले.

जगभर मात्र एक क्रम ठरून गेला. पेनिसिलीनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर मेथिसिलीन आले. 1961 सालीच इंग्लंडमधून त्यालाही दाद न देणाऱ्या जीवाणूंची नोंद झाली. पुढे सेफॅलोस्पोरिन गटातील औषधे आली आणि 1980 नंतर कार्बापेनेम गटातील. ही शेवटची औषधे राखीव फौजेसारखी जपून वापरायची होती.

याच काळात अतिदक्षता विभाग वाढले. तेथे श्वासनलिकेत नळी, शिरेत नळी, मूत्रमार्गात नळी असते. त्वचेची आणि श्लेष्मल पडद्याची नैसर्गिक तटबंदी ठिकठिकाणी ओलांडलेली असते. रुग्ण अशक्त, औषधांचा मारा जोरात आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाणारे हात तेच. ॲसिनेटोबॅक्टरसारखे जीवाणू तर कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक दिवस तग धरतात. भारतातील सात शहरांच्या अतिदक्षता विभागांची पाहणी 2007 साली प्रसिद्ध झाली. 10,835 रुग्णांमागे तेथेच जडलेल्या संसर्गांची संख्या 476 होती.

माहीम, 2009

2008 साली स्वीडनमध्ये, दिल्लीत उपचार घेऊन परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत कार्बापेनेमलाही निकामी करणारा जीवाणू सापडला. त्याच्या विकराला ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेझ’, थोडक्यात एनडीएम-1, असे नाव मिळाले. ऑगस्ट 2010 मध्ये लॅन्सेट गटाच्या नियतकालिकात याविषयी मोठा लेख आला आणि आपल्याकडे गदारोळ उठला. देशाची बदनामी, वैद्यकीय पर्यटनाचे नुकसान, यांवरच चर्चा रंगली.

पण त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या माहीम येथील हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी भारतीय वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्या प्रयोगशाळेचे आकडे छापले होते. ऑगस्ट ते नोव्हेंबर 2009 या काळात कार्बापेनेमला दाद न देणारे 24 नमुने त्यांनी तपासले. त्यांपैकी 22 मध्ये एनडीएम-1 होते. आम्हाला या इतिहासातील ही घटना सर्वांत मोलाची वाटते. आपल्याच घरातील दोष मोजून चारचौघांत मांडायला धैर्य लागते, आणि मोजल्याशिवाय उपाय सुरू होत नाही.

पुढे काही पावले पडली. 1 मार्च 2014 पासून अनुसूची एच-1 लागू झाली. तिच्यातील प्रतिजैविके विकताना औषध दुकानदाराने नोंद ठेवणे बंधनकारक झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने रुग्णालयांचे निरीक्षण-जाळे उभारले. कस्तुरबांच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्याजवळ असलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली सुरू केलेली सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था या जाळ्यात आहे. तिचे अंतर नागपूरपासून जेमतेम 75 किलोमीटर. या जाळ्याच्या अहवालांनुसार इमिपेनेम या कार्बापेनेमला दाद देणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण 2017 साली सुमारे 81 टक्के होते, ते 2023 साली सुमारे 63 टक्क्यांवर आले. हे आकडे मोठ्या रुग्णालयांतील आहेत, सर्व समाजाचे नव्हेत. तरी दिशा स्पष्ट आहे.

नवे औषध शोधायला वर्षे लागतात. आहे ते टिकवण्याचे उपाय मात्र जुनेच आहेत: प्रत्येक रुग्णाला स्पर्श करण्याआधी व नंतर हात स्वच्छ करणे, नळ्या गरज संपताच काढणे, जीवाणूची तपासणी करून औषध ठरवणे. आणि सर्दीसारख्या विषाणूंच्या आजारात प्रतिजैविकाचा उपयोग नसतो, ते मनाने घेऊ नये, हे सांगणे तर आपल्या वर्गातच शक्य आहे. 1944 साली ते दुर्मिळ होते म्हणून मोलाचे होते. आज ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, म्हणून त्याचे मोल मुलांना मुद्दाम शिकवावे लागेल.