मायसिन परीक्षेत पास झालं, मग दवाखान्यात का नाही?

तुमच्यापैकी बरेच जण एआयवर संशोधन करायचं म्हणताय, आणि वाचताय फक्त मागच्या चार-पाच वर्षांचे पेपर. मीही तेच करायचो. म्हणून आज थोडं मागे, १९७० च्या दशकातल्या स्टॅनफर्डला जाऊ.

एडवर्ड शॉर्टलिफ तेव्हा मेडिकलचा विद्यार्थी होता. सोबत संगणकाच्या बाजूने ब्रूस ब्युकॅनन आणि औषधशास्त्राच्या बाजूने स्टॅन्ली कोहेन. (हो, रिकॉम्बिनंट डीएनएवाले कोहेन तेच!) रक्तातला जंतुसंसर्ग ओळखून अँटिबायोटिक सुचवणारी प्रणाली या टीमने बांधली, ती मायसिन. आत काही शे 'जर-तर' नियम. उदाहरणार्थ, जंतू ग्रॅम-निगेटिव्ह, दांडीच्या आकाराचा आणि ऑक्सिजनशिवाय वाढणारा असेल तर तो बॅक्टेरॉइड्स असावा, खात्री ०.६. डॉक्टरने 'हे का विचारतोस?' असं टाइप केलं की मायसिन आपला नियम दाखवायचं.

१९७९ मध्ये तिची परीक्षा झाली, आणि ती कशी घेतली ते नीट बघा. मेनिंजायटिसच्या १० केसेस, ८ तज्ज्ञ परीक्षक, आणि कोणता सल्ला माणसाचा, कोणता यंत्राचा हे त्यांना माहीत नव्हतं. मायसिनचे ६५ टक्के सल्ले स्वीकारार्ह ठरले. स्टॅनफर्डच्या पाच तज्ज्ञ प्राध्यापकांचे? ४२.५ ते ६२.५ टक्के. परीक्षकांना नाव कळलं असतं तर हे आकडे असेच आले असते का, मला शंका आहे.

तरीही मायसिन रोजच्या वापरात कधीच आलं नाही. डॉक्टरने टर्मिनलसमोर बसून एकेका प्रश्नाचं उत्तर टाइप करायचं. वॉर्डातल्या घाईत एवढा वेळ कोणाकडे? याउलट मायसिनमधलं वैद्यकीय ज्ञान काढून उरलेल्या सांगाड्यावर, म्हणजे इमायसिनवर, पफ नावाची प्रणाली उभी राहिली. फुप्फुसांच्या तपासणीचे आकडे घेऊन ती रिपोर्टचा मसुदा करायची, डॉक्टर वाचून सही करायचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रुग्णालयात ती खरोखर वापरली गेली.

मला मात्र सगळ्यात आवडतो तो विल्यम क्लॅन्सीचा भाग. त्याला वाटलं, नियम तयारच आहेत, तर त्यांवरून विद्यार्थ्यांना शिकवू. गायडन नावाचा प्रोग्रॅम केला, आणि तिथेच गाडी अडली. आठ वर्षांखालच्या मुलाला टेट्रासायक्लिन देऊ नका, असा नियम होता. पण का? वाढत्या दातांवर कायमचे डाग पडतात म्हणून. हे कारण नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात होतं, नियमात कुठेच नव्हतं. निदानाला त्याची गरजच पडली नव्हती, शिकवताना पहिला प्रश्न तोच आला. शेवटी क्लॅन्सीला त्या ज्ञानाची मांडणीच नव्याने करावी लागली. त्या प्रणालीचं नाव निओमायसिन.