‘घरच्यापुरतं’ शिवण : इतिहासाच्या रकान्यात न बसलेलं काम

झालं असं की, पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मुलाखतींसाठी मी एक फॉर्म तयार केला. नाव, जन्मसाल, शिक्षण, व्यवसाय. सराव म्हणून पहिला फॉर्म आईचाच भरला. व्यवसायाच्या रकान्यात तिला न विचारताच ‘गृहिणी’ लिहून मी मोकळी झाले. मग विचारलं, “तू शिवणकाम करायचीस का गं?” ती म्हणाली, “छे, मी कुठं? घरच्यापुरतं करायचे.” आम्हा दोघी बहिणींची झबली, फ्रॉक, शाळेच्या पिशव्या, उशांचे अभ्रे, आजीच्या लुगड्यांच्या गोधड्या हे सगळं त्या ‘घरच्यापुरतं’मध्ये होतं.

या एका शब्दाने माझा प्रश्न बदलला. लहान मुलं सांभाळता सांभाळता बायकांनी घरासाठी जे शिवलं, त्याचा इतिहास लिहायचा तर तो शोधायचा कुठे? हा प्रश्न शिवणापुरता नाही. ज्या कामाची नोंदच होत नाही, अशा कोणत्याही कामावर संशोधन करू पाहणाऱ्याला तो कधी ना कधी अडवतोच.

आधी कागदपत्रांत काय सापडतं ते पाहू. पहिला मोठा साठा विक्रीचा. सिंगर कंपनीचं यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आलं. ते हप्त्यांवरही विकलं जाई. पुढे १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ बाजारात आणलं. डेव्हिड अर्नोल्ड यांचं ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ हे २०१३ चं पुस्तक शिवणयंत्र, सायकल, टाइपरायटर अशा रोजच्या यंत्रांतून भारतातल्या आधुनिकतेकडे बघतं. या विषयात शिरणाऱ्याने ते जरूर वाचावं. पण विक्रीच्या कागदांतून यंत्र दुकानातून बाहेर पडलं एवढंच कळतं. घरात गेल्यावर त्यावर कोण बसलं, किती वाजता बसलं, मूल तेव्हा कुठे होतं, हे कळत नाही.

दुसरा साठा संस्थांचा. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. तिथे आणि तशा इतर संस्थांत शिवण शिकवलं गेलं ते मुख्यतः बाईने, विशेषतः विधवेने, स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून. त्यामुळे या कागदांत शिवण दिसतं ते मिळकतीचं साधन म्हणून.

म्हणजे बघा, शिवण विकत घेतलेल्या यंत्राच्या रूपात दिसतं आणि कमाईच्या रूपात दिसतं. पोराच्या अंगावर चढलेलं झबलं मात्र दोन्हीकडे नाही.

आता तिसरा साठा, सरकारी पाहण्यांचा. इथे मी खरंच चकित झाले. १९७१ च्या जनगणनेत मुख्यतः घरकाम करणारी बाई काम न करणाऱ्यांत मोजली गेली. ते अपेक्षित होतं. पण राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या रोजगार पाहण्यांत दोन संकेतांक आहेत, ९२ आणि ९३. फक्त घरकाम करणारी व्यक्ती ९२ मध्ये. घरकामाबरोबर सरपण, भाजीपाला, चारा गोळा करणारी किंवा घरच्या वापरासाठी शिवणारी, विणणारी व्यक्ती ९३ मध्ये. म्हणजे सरकारला शिवण दिसलं होतं! त्यासाठी वेगळा आकडासुद्धा दिला होता. आणि तरीही ९२ असो वा ९३, दोन्ही श्रमशक्तीच्या बाहेरच.

गुंता एवढ्यावर संपत नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची संयुक्त राष्ट्रांची १९९३ ची पद्धत असं मानते की घरच्या वापरासाठी तयार केलेली वस्तू हे उत्पादन आहे, आणि त्यात घरी शिवलेले कपडेही येतात. पण घरच्यांसाठी विनामोबदला केलेली सेवा, उदाहरणार्थ मूल सांभाळणं, त्या अर्थाने उत्पादन नाही. आता एक चित्र डोळ्यांसमोर आणा. बाई जमिनीवर बसून दुपटं टाचतेय. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली आहे. तिचे हात उत्पादनात आणि पाय उत्पादनाबाहेर!

२०१९ मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण झालं. त्यात दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडून कोण काय करतं ते विचारलं गेलं. एका तुकड्यात अनेक कामं असतील तर त्यातलं मुख्य कोणतं, हेही ठरवायचं होतं. माझ्या आईला हा प्रश्न विचारला असता तर तिने काय सांगितलं असतं, मला खरंच माहीत नाही. मूल हे मुख्य काम की शिवण? तिच्या लेखी ती दोन कामं नव्हतीच.

मग कागदाबाहेरचा पुरावा शोधायचा. घरातल्या वस्तू हाच तो पुरावा, पण त्या वाचायला शिकावं लागतं. माझ्या अनुभवातून तीन गोष्टी सांगते.

पहिली, गोधडी. तिचे थर मोजा. जुनी नऊवारी, मिलचं छापील कापड, एखादं टेरिकॉटचं ठिगळ. नियम सोपा आहे : गोधडी तिच्यातल्या सगळ्यात नव्या कापडापेक्षा जुनी असू शकत नाही. मी आधी नेमकी उलटी चूक केली होती. आतलं लुगडं पणजीचं, म्हणून गोधडी पणजीच्या काळातली असं लिहून बसले. मार्गदर्शकांनी वरच्या टेरिकॉटवर बोट ठेवलं आणि माझं अख्खं पान गेलं.

दुसरी, मुलांचे कपडे. ‘वाढत्या अंगाचं’ शिवताना शिवणीत जास्तीचं कापड ठेवतात. त्याला आपल्याकडे ‘माया’ म्हणतात. जुना फ्रॉक उलटा करून पाहा. उसवलेल्या टाक्यांच्या भोकांच्या ओळी दिसतील. जितक्या ओळी, तितक्या वेळा तो फ्रॉक ढिला केला गेला. मापाची नोंद कुठेही नाही, पण मूल कसकसं वाढलं ते कापडाला ठाऊक आहे. आमच्या घरातल्या एका फ्रॉकवर दोन ओळी आहेत. एक माझी, एक धाकटीची.

तिसरी, टाके. एकाच दुपट्यावर धावदोरा आधी बारीक आणि सरळ, मग अचानक लांब आणि तिरका होतो. आई म्हणाली, “तू उठली असशील.” हा पुरावा म्हणून कच्चा आहे, मान्य. दिवा गेला असेल, दुसऱ्या कुणी टाके घातले असतील. म्हणून वस्तू दाखवून मुलाखत घ्यायची, आणि मुलाखतीतलं परत वस्तूवर पडताळायचं. एकटी वस्तू किंवा एकटी आठवण पुरत नाही.

आता मी “शिवणकाम करायचात का?” असं विचारतच नाही. त्यातला ‘काम’ हा शब्द ऐकला की पैसे न घेणारी बाई “नाही” म्हणते. त्याऐवजी मी विचारते, “बाळाचं पहिलं झबलं कुणी शिवलं? कापड कशातलं? मशीन हाताचं की पायाचं? मूल तेव्हा कुठे असायचं?” शेवटच्या प्रश्नावर बायका हमखास हसतात, आणि खरी मुलाखत तिथे सुरू होते. हाताचं मशीन असेल तर एक हात चाकावरच अडकतो. पायाच्या मशीनवर दोन्ही हात मोकळे, पण खाली चाकाजवळ पोराची बोटं. म्हणून मग पोरं झोपल्यावर शिवायचं. कितीतरी घरांतलं शिवण रात्रीचं का, याचं उत्तर एवढं साधं असू शकतं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना सांगणं एवढंच : प्रश्नावली छापण्याआधी एकदा घरच्याच माणसावर करून बघा. उत्तर ‘नाही’ आलं तर पटकन पुढच्या रकान्यात जाऊ नका. चूक बहुधा प्रश्नात असते.

आईचा तो फॉर्म मी अजून जपून ठेवलाय. ‘गृहिणी’ खोडलेलं नाही, कारण ती माझी चूक आहे आणि तीही आता पुरावाच आहे. त्याच्याशेजारी पेन्सिलीने फक्त एक शब्द लिहिलाय, तिचाच. घरच्यापुरतं.