इन्डिस्ट्रक्टिबल : अभंग काय, भंगणारे काय?

'इन्डिस्ट्रक्टिबल' हे इंग्रजी विशेषण आपल्याला बहुधा जाहिरातींत भेटते. प्रवासी बॅग असो वा मुलांचे खेळणे, ते मोडणारच नाही अशी ग्वाही हा शब्द देतो. अर्थ सरळ आहे : ज्याचा नाश करता येत नाही ते, अविनाशी. लॅटिनमध्ये 'स्त्रुएरे' म्हणजे रचणे. त्याआधी 'दे' आले की रचना मोडते आणि आरंभीचा 'इन' ती मोडण्याची शक्यताच नाकारतो. 'स्ट्रक्चर', 'कन्स्ट्रक्शन' हे याच कुळातले शब्द.

जवळच्या शब्दांशी मात्र गल्लत करू नये. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात ती शाई 'इन्डेलिबल', म्हणजे सहजी पुसली न जाणारी. ज्याला हरवता येत नाही तो 'इन्व्हिन्सिबल'.

या विशेषणाचा आपल्याकडील सर्वांत अर्थपूर्ण वापर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षे राहिलेल्या आणि पुढे दादरला 'राजगृह' बांधणाऱ्या बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडला. भारताला 'युनियन' का म्हटले, याचे उत्तर त्यांनी याच शब्दाने दिले. हे संघराज्य घटक राज्यांच्या करारातून जन्मलेले नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटून निघता येणार नाही. ते 'इन्डिस्ट्रक्टिबल' आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६९ मध्ये संघ आणि राज्ये या दोहोंनाही हेच विशेषण लावले होते. आपल्या राज्यघटनेत तसे नाही. अनुच्छेद ३ नुसार संसद राज्यांच्या सीमा बदलू शकते, नवी राज्ये घडवू शकते. म्हणूनच भारत हा अविनाशी संघ, पण त्यातील राज्ये विनाशी, असे अभ्यासक म्हणतात.

गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या वाचकांना याचे मोल वेगळे सांगायला नको. संयुक्त महाराष्ट्रासाठी हाच परिसर रस्त्यावर उतरला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळ्या झेलल्या गेल्या. द्वैभाषिक मुंबई राज्य 'इन्डिस्ट्रक्टिबल' असते, तर १ मे १९६० चा महाराष्ट्र घडलाच नसता.

तेव्हा हा शब्द योजताना नेमके काय अभंग आहे, हे आधी ठरवावे. सारेच अभंग असेल, तर नवे काही रचता येत नाही.